पाच वॅटची हाक

प्रश्न : गच्चीवरून पाच वॅटच्या हॅम रेडिओने परदेशाशी संपर्क होतो का?

उत्तर : होतो, फक्त मोर्सची सवय हवी. 100 वॅटवरून 5 वर उतरलं की घट 13 डेसिबलची. ऐकणाऱ्याच्या मीटरवर जेमतेम दोन घरं.

खरी मदार अँटेनावर. 7 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 20 मीटर तार, मधोमध केबल, टोकांना नायलॉनची दोरी. शेजाऱ्यांना ती कपडे वाळत घालायची दोरी वाटते, वाटू द्यावी! अंधार पडला की सिग्नल आयनोस्फिअरवरून परतून दूर पोचतात. कमी शक्तीची हौशी मंडळी तेव्हा 7.030 च्या आसपास कान लावून बसतात. हाक, थोडं थांबणं, पुन्हा हाक. कधी तासभर नुसती खरखर.

मात्र दूरसंचार विभागाचा परवाना हातात पडेपर्यंत मोर्सच्या कळीला बोट लावू नये.