काजूच्या बोंडांचे कॉकटेल

प्रश्न : पाहुण्यांसाठी सफरचंदाऐवजी आमच्या बागेतल्या काजूच्या बोंडांचे कॉकटेल करायचे आहे. रस आंबवला की हुर्राक तयार होतो ना?
– एक वाचक, कुंभारवाडा (ता. जोयडा)

उत्तर : नाही. आंबलेला रस भट्टीवर गाळला की हुर्राक मिळतो, पुन्हा गाळला की फेणी. विनापरवाना दारू गाळणे गुन्हा आहे आणि धोक्याचेही. पण तुमचे काम ताज्या रसावर भागेल. लिटरभर रसात ५ ग्रॅम साबुदाण्याच्या पिठाची शिजवून गार केलेली खळ ढवळा आणि १२ तास फ्रिजमध्ये ठेवा. तुरटपणा तळाशी बसतो. वरच्या निवळ रसात लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि सोडा घाला. हवे त्यांनी ३० मिली व्होडका मिसळावी, गाडी चालवणाऱ्यांनी मात्र नुसता रसच घ्यावा. गोव्याची बाटली विनापरवाना आणू नका.