ऊंसवाहतूक आणि चालकाच्या संवयी

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांतील रस्ते रात्रंदिवस ऊंसाच्या ट्रॉल्यांनीं भरून जातात. पुष्कळ बागायतदारांचे ट्रॅक्टर पगारी चालकांच्या हातीं असतात. पिकास खत किती व पाणी केव्हां, याचा विचार आपण बारकाईनें करितों. परंतु आपला माणूस रस्त्यावर कसा वागतो याची चौकशी मात्र अपघात घडल्यावर होते.

चालकास दोष देण्यापूर्वीं मालकानें स्वतःच्या बोलण्याकडे पाहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. "आज तिसरी खेप झालीच पाहिजे" असें सकाळीं बजावावयाचें आणि संध्याकाळीं "सांभाळून जा रे बाबा" म्हणावयाचें, यांत अर्थ काय? आम्हीही पूर्वीं खेपेवर पैसे देत असूं. एके पहाटे आमच्या चालकास जागरणानें डुलकी लागली आणि भरलेली ट्रॉली चारींत उलटली. मोळ्यांखालीं कोणी सांपडलें नाहीं, हें केवळ दैव. तेव्हांपासून आम्हीं रोजावर वेतन ठेविलें असून कारखान्याच्या काट्यावर रांगेंत गेलेले तासही कामांत धरतों. रांगेंत रात्र काढलेल्या माणसास झोप झाल्यावांचून पुढील खेपेस पाठवीत नाहीं. खेपा कमी झाल्या, हें खरें आहे.

सावधपणें हाकणें म्हणजे नुसतें हळू हाकणें नव्हे. दुसरा चुकेल, मागून येणाऱ्यास आपण दिसणार नाहीं, असें धरून चालणें हें त्याचें मर्म होय. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. धोका ध्यानांत येऊन ब्रेक दाबला जाईपर्यंत दीड सेकंद गेला तरी २५ मीटर संपले. पुढें कोरड्या डांबरी रस्त्यावरही थांबण्यास आणखी सुमारें २० मीटर लागतात. अंधारांतील ट्रॉली त्यास ३० मीटरांवर दिसली तर तो कितीही शहाणा असो, आदळणारच. म्हणून दिसणें हें आपलें काम. जुन्या बैलगाडीच्या कण्याखालीं कंदील टांगलेला असे, आणि आज लाखों रुपयांच्या ट्रॅक्टरामागील ट्रॉलीस तांबडा दिवा नसतो!

टायर फुटला कीं रस्त्यावरच थांबून भोंवतीं दगड मांडण्याची चाल आहे. दुरुस्ती होतांच ट्रॅक्टर निघून जातो व दगड तेथेंच राहतात. रात्रीं दुचाकीस्वाराचा त्यांवर काय प्रसंग ओढवेल हें सांगावयास नको. दगडांऐवजीं चमकणारा त्रिकोण ठेवावा, आणि शक्य असेल तर ट्रॅक्टर रस्त्याखालीं उतरवावा.

ट्रॅक्टरास डाव्या व उजव्या चाकाचे निरनिराळे ब्रेक असतात. शेतांत वळतांना ती सोय आहे; परंतु रस्त्यावर एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर एका अंगास ओढला जाऊन उलटतो. यास्तव शेताबाहेर पडण्यापूर्वीं दोन्ही पायब्रेक कडीनें जोडलेच पाहिजेत. उतार लागण्याआधींच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठीं न्यूट्रलवर सोडण्याची खोड फार घातक आहे, कारण ट्रॉलीस स्वतंत्र ब्रेक नसला तर सारा भार ट्रॅक्टरास मागून ढकलतो आणि जोडाशीं तो आडवा होतो.

मडगार्डावर कोणासही बसवूं नये. अल्पवयीन मुलाच्या हातीं तर चाक देऊंच नये. मोटार वाहन कायदा, १९८८ यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें मुलाच्या अपराधाबद्दल पालक किंवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. कायदा नसता तरी आम्हीं हेंच लिहिलें असतें.

हंगामाच्या पहिल्या संध्याकाळीं मालकानें स्वतः भरलेल्या ट्रॉलीमागें शंभर पावलें जाऊन उभें राहावें व चालकासही बरोबर न्यावें. लोंबणाऱ्या वाढ्यांनीं दिवा झांकला असेल, चिखलानें रिफ्लेक्टर माखले असतील. वाढें तेथेंच छाटावें, चिखल ओल्या फडक्यानें पुसावा, आणि मग ट्रॅक्टर रस्त्यास लावावा.