मैत्रिणी वारीला, मावशी घरी

भाची : मावशी, तुझ्या दिंडीतल्या सगळ्याजणी वाटेला लागल्या आणि तू गुडघा धरून इथे. हळहळ नाही वाटत?

मावशी : वाटते की. पण आज ज्येष्ठ वद्य एकादशी. माऊलींची पालखी पुणं सोडून दिवेघाट चढते आणि रात्री सासवडला टेकते. वारीतली सगळ्यात मोठी मजल, तीही उपवासाच्या पोटी. मग मी इथे भाकरी खाऊ?

भाची : तुझ्या उपवासाने त्यांचे पाय थोडेच दुखायचे थांबणार?

मावशी : पायांना त्यांच्याजवळ मलम आहे! अगं, हा उपवास त्यांच्यासाठी बोललेला नवस नव्हे. माळ घातली तेव्हाच एकादशी आणि रोजचा हरिपाठ पत्करला. वाटेवर असो की घरी, तो नेम चुकवायचा नाही. संध्याकाळी तिकडे त्या हरिपाठ म्हणतात, इथे मीही टाळ घेते. पुढच्या ओळीला दिंडीतली रखमाबाई जरा वरच्या पट्टीत जाणार, हे मला ठाऊक असतं. मी आपली तिच्यासाठी थांबते.

भाची : फोनवर सगळं थेट दिसतंच की आता.

मावशी : बघते मीही. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण कोण सोडेल? पण बघता बघता मी भाजी निवडते, कुणाशी तरी बोलते. अभंग म्हणायला बसलं की तसं चालत नाही. २०२० साली करोनामुळे पायी वारीच झाली नाही, पादुका दशमीला एसटीने पंढरपुरी गेल्या. सगळी दिंडी आपापल्या घरी. तेव्हा आमचे विणेकरी रोज कळवायचे, आज जेजुरीला असतो, आज वाल्ह्याला असतो. त्या वर्षी मागे राहिलेली मी एकटी नव्हते.

भाची : आणि त्या तुझ्यासाठी तिकडे काय करतात?

मावशी : निघताना मी त्यांच्या पाया पडले, त्या माझ्या. नारळ दिलाय बरोबर. आषाढीला दर्शनबारी केवढी! कितीतरी जण नामदेव पायरीवर डोकं टेकून, कळसाला हात जोडून परततात. तिथे माझाही नमस्कार पोचवतील. पौर्णिमेचा काला झाला की बुक्का, चुरमुरे घेऊन येतील.

भाची : म्हणजे न जाताही वारी घडते?

मावशी : असं सरसकट नको म्हणू, आळशांचं फावेल. पाय धड असून घरी बसणं निराळं. पण माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत, असं परंपरा सांगते. त्यांच्या पुण्यतिथीला, आषाढ वद्य चतुर्दशीच्या सोहळ्याला, पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते.

भाची : देवच भेटायला जातो?

मावशी : जातो. ऐन पावसाळ्यात निंदणी टाकून माळ्याला कसं निघता येणार, हे त्याला कळत असेल ना!