स्पीच थेरपीचं स्वतःचं क्लिनिक: पाटी लावण्याआधी

बारावी सायन्सनंतर मेडिकलचा नंबर हुकला की ‘आता काय?’ या चर्चेत हल्ली बीएएसएलपी या पदवीचं नाव येतं. वाचा आणि श्रवण या दोन्ही विषयांचा हा चार वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, तर राज्याबाहेर म्हैसूरची ‘आयश’ ही यातली परिचित नावं. त्यावर पालकांचा हमखास प्रश्न असतो, ‘नोकरी नाही मिळाली तर स्वतःचं क्लिनिक काढता येईल ना?’ येईल. पण खोली, आरसा आणि खेळणी जमवली म्हणजे क्लिनिक झालं असं नाही.

पहिली अट नोंदणीची. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, 1992 नुसार मान्यताप्राप्त पदवी आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय देशात कुठेही प्रॅक्टिस करता येत नाही. नियम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल, पण कैदेची तरतूद विसरू नका. नोंदणी एकदा केली की जन्मभराची सोय झाली, असंही नाही. तिचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी परिषदमान्य कार्यशाळांना हजेरी लावून गुण जमवावे लागतात. म्हणून कॉलेजची फी भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, आणि ती यंदाच्या तुकडीला लागू आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. मान्यता नसलेली पदवी घेऊन नोंदणी होत नाही.

दुसरी जबाबदारी कागदाची, आणि नवखे इथेच ढिले पडतात. समजा, चार वर्षांचा मुलगा ‘काका’ला ‘ताता’ म्हणतो. सत्र संपल्यावर फाईलमध्ये ‘प्रगती चांगली’ एवढंच लिहिलं, तर त्यातून काहीच कळत नाही. ‘शब्दाच्या सुरुवातीचा क, चित्र दाखवून, दहापैकी सहा वेळा बरोबर, आईला घरी पाच शब्दांचा सराव दिला’ अशी तारीख-सहीनिशी नोंद हवी. फी घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येऊ शकते. उद्या तक्रार झालीच, तर तुमची बाजू हीच फाईल मांडणार. मुलाचा व्हिडिओ काढायचा तर पालकांची लेखी संमती घ्या. तो जाहिरातीत वापरायचा असेल तर वेगळी संमती घ्या.

तिसरी गोष्ट, नाही म्हणण्याची. ‘सहा महिन्यांत बोलायला लागेल’ अशी हमी देऊ नये. पीएचडी नसताना नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. ऐकू येतं का हे तपासल्याशिवाय थेरपी सुरू करू नये. पालक अपंगत्वाचा दाखला मागतात. तुम्ही तपासणीचा अहवाल द्या. दाखला मात्र सरकारने नेमलेलं वैद्यकीय प्राधिकरणच देतं. आणि एखाद्या मुलाच्या बाबतीत लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली, तर ‘पोक्सो’ कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पालक ‘घरातली गोष्ट आहे, राहू द्या’ म्हणाले तरीही.

याशिवाय महाराष्ट्रात व्यवसाय कराची नोंदणी आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना ही कामं आहेत. ती सीएकडून एका बैठकीत मार्गी लागतात.

पालकांनो, पदवी हातात पडताच मुलांना क्लिनिक थाटून देण्याची घाई करू नका. एखाद्या रुग्णालयात किंवा जुन्या थेरपिस्टच्या हाताखाली आधी दोनेक वर्षं काढू द्या. अहवाल कसा लिहायचा, कुठला रुग्ण कान-नाक-घसातज्ज्ञांकडे पाठवायचा, चिडलेल्या पालकांशी कसं बोलायचं, हे तिथे अनुभवी माणसाच्या नजरेखाली शिकता येतं. स्वतःच्या क्लिनिकमध्ये अशी नजर ठेवायला कुणी नसतं आणि सहीची जबाबदारी एकट्याची असते.