अजिंठ्याची भिंत

अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या सौंदर्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची किंचित झुकलेली मान आणि त्याचे अर्धोन्मीलित नेत्र यांची वर्णने सुशिक्षित वाचकाला अपरिचित नाहीत. परंतु हा पद्मपाणी ज्या भिंतीवर उभा आहे ती भिंत कशी तयार झाली, तिच्यावर गेल्या दोन शतकांत कोणकोणते प्रयोग झाले आणि त्यांपैकी कोणते तिला मानवले, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. वस्तुतः कला, निसर्ग व शिक्षण या तिहींवर माणसाच्या हातातील हत्यारांचा काय परिणाम होतो, हे पाहावयाचे असेल तर या भिंतीसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. चित्रकाराच्या कुंचल्याइतकीच पाथरवटाची छिन्नी, गवंड्याची थापी, छायाचित्रकाराचा कॅमेरा आणि रसायनतज्ज्ञाचा कापसाचा बोळा यांचीही कथा तिच्यात आहे.

लेणी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील उभ्या कड्यात आहेत. हा कडा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून बनलेल्या खडकाचा आहे. या खडकाचे दोन गुण खोदकाम करणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजेत. एक, तो कठीण असला तरी एकसंध भागात त्यातून मोठी दालने कोरता येतात. दुसरा गुण अडचणीचा. थरांच्या सांध्यांतून व भेगांतून पावसाचे पाणी आत झिरपते. अजिंठ्याच्या साऱ्या पुढील इतिहासात हे पाणी पुन्हा पुन्हा भेटते.

अपुरी राहिलेली लेणी येथे विशेष उपयोगी पडतात. पूर्ण झालेले लेणे पाहून थक्क व्हावयास होते, पण काम कसे चालले हे अपुरे लेणेच सांगते. २४ क्रमांकाचे लेणे या दृष्टीने अवश्य पाहण्यासारखे आहे. कारागीर प्रथम छताच्या पातळीवर आत शिरत, समांतर चर खोदीत, मधले कणे फोडून काढीत आणि मग हळूहळू खाली येत. जमीन सर्वांत शेवटी. त्यामुळे उंच छताच्या कोरीव कामासाठी परांची बांधण्याची गरज बऱ्याच अंशी टळे. पायाखालचा न खोदलेला दगड हीच परांची. बांधकामात चुकलेली वीट काढून दुसरी बसविता येते. येथे एकदा उडालेला टवका परत लावण्याची सोय नाही. तेव्हा खांब कोठे राहणार, मूर्ती कोठे येणार, याचा पूर्ण आराखडा पहिला घाव घालण्यापूर्वीच ठरलेला असला पाहिजे.

हे काम एका काळात झालेले नाही. ९ व १० क्रमांकांची चैत्यगृहे व त्यांच्या आसपासची काही लेणी सातवाहनकालीन, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील आहेत. त्यानंतर बराच काळ खंड पडला. पुढे पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेण याच्या कारकिर्दीत कामाला पुन्हा जोराने आरंभ झाला. त्याचा मंत्री वराहदेव याचा लेख १६ क्रमांकाच्या लेण्यात आहे. अपुऱ्या लेण्यांसह आज एकूण ३० लेणी मोजली जातात.

मातीचा गिलावा

या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात. ते तांत्रिक दृष्ट्या बरोबर नाही. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर रंगविलेले चित्र; चुना वाळताना रंग त्याच्यात कायमचा पकडला जातो. अजिंठ्याची चित्रे कोरड्या पृष्ठभागावर, चिकट द्रव्यात कालविलेल्या रंगांनी काढलेली आहेत. हा भेद केवळ शब्दाचा नाही. रंग भिंतीच्या अंगात मुरलेला नसून तिच्या त्वचेवर बसलेला आहे, हे ज्यांनी ध्यानात घेतले नाही त्यांच्या हातून पुढे या चित्रांचे बरेच नुकसान झाले.

भिंतीची तयारी खेड्यातील घर सारविणाऱ्या कोणासही समजेल अशी आहे. छिन्नीचे खडबडीत घाव मुद्दाम तसेच ठेवून त्यांवर मातीचा गिलावा चढविलेला आहे. मातीत दगडाची कच, वाळू, भाताचा तूस, गवत व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. तंतूंमुळे वाळताना गिलाव्याला तडे जात नाहीत आणि तो खडकाला धरून राहतो. त्यावर बारीक मातीचा दुसरा हात, आणि शेवटी पांढऱ्या द्रव्याचा अगदी पातळ लेप. या लेपावर प्रथम तांबड्या रेषेने आकृती आखून मग रंग भरीत.

रंगांची पेटीही बहुतांशी परिसरातलीच आहे. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी काजळ, पांढऱ्यासाठी चुना व चिनी मातीसारखी द्रव्ये. हिरवा रंग तर याच पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. निळा मात्र परका आहे. पाचव्या शतकातील लेण्यांत दिसणारा गडद निळा हा लाजवर्दी दगडाचा असून तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. सह्याद्रीच्या पायथ्यावरून जाणाऱ्या व्यापारी मार्गांचा पुरावा अशा रीतीने भिंतीवरच रंगविलेला आहे. इतक्या अंधारात हे काम कसे केले असेल, हा प्रश्न प्रत्येक प्रेक्षक विचारतो. तेलाचे दिवे होतेच. शिवाय पांढरे कापड वा चकचकीत धातूचा पत्रा धरून बाहेरचे ऊन आत वळवीत असावेत, असा तर्क केला जातो आणि तो अशक्य वाटत नाही.

माती, तूस, गवत आणि चिकट द्रव्य यांची ही भिंत पंधराशे वर्षे टिकली. तिच्यात हवा खेळू शकत होती, आलेला दमट अंश कोरड्या दिवसांत परत बाहेर पडू शकत होता, हे त्याचे एक कारण. माणसांची वर्दळ नव्हती, हे दुसरे.

प्रतिकृतींचे शतक

एप्रिल १८१९ मध्ये मद्रास फलटणीतील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला. १० क्रमांकाच्या लेण्यातील रंगविलेल्या खांबावर त्याने आपले नाव व दिनांक कोरून ठेविला. आधुनिक जगाची अजिंठ्याशी झालेली ओळख ही अशी ओरखड्यापासून सुरू होते. त्यानंतर चित्रांचे तुकडे कापून नेण्याचाही उद्योग झाला. असा एक तुकडा अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात पोहोचलेला आहे.

चित्रे नष्ट होत आहेत हे जाणून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीकडे आग्रह धरला आणि १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची प्रतिकृती काढण्यासाठी नेमणूक झाली. गिलने जवळजवळ दोन दशके या कामात घालविली. त्याची मोठमोठी तैलचित्रे लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आली आणि डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेली. दरम्यान गिलने कॅमेराही हाती घेतला होता. त्याची छायाचित्रे व जेम्स फर्ग्युसनचे विवेचन असलेला ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाला.

गिलनंतर मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हे काम नव्याने केले. शिक्षणाच्या दृष्टीने या उपक्रमाचे महत्त्व फार मोठे आहे. त्या काळी मुंबईच्या कलाशाळेत ग्रीक पुतळ्यांचे साचे समोर ठेवून रेखाटन शिकविले जाई. पेस्तनजी बोमनजी, जयराव राघोबा यांसारख्या तरुणांना अजिंठ्यात महिनोन्‌महिने राहून स्वतःच्या देशातील रेषा हाताने गिरवावी लागली. हात, बोटे व डोळे यांच्या ठेवणीतून भाव कसा उमटतो, सपाट रंगावर गडद छटा देऊन गोलाई कशी आणतात, हे त्यांनी व्याख्यानातून नव्हे तर नकलेतून शिकून घेतले. भारतीय विद्यार्थ्यापुढे ठेवण्यास याहून चांगले नमुने नाहीत, असे ग्रिफिथ्स यांचे स्पष्ट मत होते. इंग्रज शिक्षकाने ते मांडले, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे. दुर्दैवाने याही चित्रांपैकी अनेक १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत गेली. सुरक्षित म्हणून सातासमुद्रापार नेलेल्या प्रती दोनदा जळाल्या आणि दमट गुहेतील मूळ चित्रे राहिली! तरीही ज्या प्रती वाचल्या त्यांचे मोल कमी नाही. भिंतीवरून आज नाहीसे झालेले काही भाग केवळ त्यांच्यातच पाहावयास मिळतात.

१९०९ ते १९११ या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती बंगालचे तरुण चित्रकार आले आणि परत जाताना अजिंठ्याची रेषा आपल्या हातात घेऊन गेले. महाराष्ट्रात औंधचे चित्रकार-संस्थानिक बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी १९३२ साली अजिंठ्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. निजामाच्या राज्यात पुराणवस्तू विभागाचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० पासून छायाचित्रणावर आधारलेले रंगीत ग्रंथ चार भागांत काढले. एकेकाळी आठवडेच्या आठवडे बसून गिरवावी लागणारी आकृती आता क्षणात टिपता येऊ लागली. यात लाभ निर्विवाद आहे. गिरवणाऱ्याचे जे शिक्षण होत असे ते मात्र छायाचित्रकाराचे होत नाही.

रोगणाचा थर

प्रती काढणाऱ्यांपुढे एक व्यावहारिक अडचण होती. धुराने, धुळीने मंद झालेली चित्रे नीट दिसत नसत. त्यांवर रोगण लावले की रंग क्षणभर उजळून येत. ग्रिफिथ्स यांच्या कामाच्या वेळी हा उपाय करण्यात आला. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना आणविले. त्यांनी खडकापासून सुटलेला गिलावा चिकट द्रव्य आत सोडून पुन्हा बसविला. हे काम झाले नसते तर कित्येक चित्रे खाली पडून मातीत मिळाली असती. मात्र संरक्षणासाठी म्हणून त्यांनीही चित्रांवर चपड्याचा, म्हणजे शुद्ध लाखेच्या रोगणाचा, हात दिला.

लाकडी कपाटाला चपडा चांगला. मातीच्या भिंतीला तो घातक ठरला. काही वर्षांतच तो पिवळा व तपकिरी पडला. निळे हिरवट आणि पांढरे मळकट दिसू लागले. त्याने भिंतीची छिद्रे बुजविली. शिवाय वाळून आकसताना हा थर आपल्याबरोबर खालच्या रंगाचे पापुद्रेही ओढू लागला. युरोपातील ओल्या चुन्याच्या चित्रांचा अनुभव घेऊन आलेल्या कुशल हातांना ही भिंत निराळ्या जातीची आहे, हे पुरेसे उमगले नाही असेच म्हणावे लागते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि त्या काळी तेच सर्वोत्तम तंत्र मानले जात होते.

१९५१ साली ही लेणी राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झाली व पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशाखेकडे हा थर काढण्याचे काम आले. कापसाच्या लहानशा बोळ्याला विद्रावक लावून तळहाताएवढी जागा साफ करावयाची, थांबावयाचे, रंग हलत नाही ना ते पाहावयाचे आणि मग पुढे सरकावयाचे, अशी ही पद्धत. जो थर काही आठवड्यांत चढला तो उतरविण्यास दशके लागली. १० क्रमांकाच्या लेण्यात काजळी, वटवाघळांची घाण व जुने रोगण दूर झाल्यावर सातवाहनकालीन आकृती पुन्हा दिसू लागल्या.

श्वास, कसर आणि पाणी

१९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाल्यानंतर प्रेक्षकांची संख्या वाढत गेली. प्रत्येक माणूस आपल्या श्वासाबरोबर बाष्प व उष्णता आत सोडतो. बंदिस्त दालनात गर्दी झाली की गिलावा ओलावा शोषतो आणि रात्री पुन्हा सुकतो. हे आकसणे-फुगणे रोजचे होऊन बसते. म्हणून वाहने फर्दापूर फाट्यावर, लेण्यांपासून सुमारे ४ किलोमीटरवर थांबवून तेथून बसने जाण्याची व्यवस्था झाली. कॅमेऱ्याच्या झगझगीत प्रकाशाला बंदी आली, मंद व शीतल प्रकाशयोजना आली, आणि आत एका वेळी मोजकीच माणसे सोडण्याचा दंडक पडला. फर्दापूरजवळच्या अभ्यागत केंद्रात १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृतीही उभारण्यात आल्या. अशी वास्तू उभी करणे सोपे, तिचे वीज-पाणी वर्षानुवर्षे चालू ठेवणे अधिक अवघड. नियोजनात दुसऱ्या गोष्टीची तरतूद आधी व्हावयास हवी. शाळांच्या सहलींची मोठी तुकडी थेट पहिल्या लेण्यात नेण्याऐवजी तिचे लहान गट पाडून काहींना प्रथम अपुऱ्या लेण्यांपाशी थांबविले, तर मुलांना छिन्नीचे घावही पाहता येतील आणि चित्रांवरील भारही कमी होईल.

मातीतील तूस व गवत हे या गिलाव्याचे बळ, तसेच त्याचे मर्मही. कसर व इतर कीटक हा सेंद्रिय भाग खातात आणि गिलावा आतून पोकळ होतो. या संदर्भात २०१६ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन उद्बोधक आहे. पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ व मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी मिळून वेरूळच्या गिलाव्याची तपासणी केली, तेव्हा त्यात भांगेच्या जातीच्या झाडाचे तंतू आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत. वेरूळचा गिलावा किडीपासून अधिक बचावला, त्याचे श्रेय संशोधकांनी या तंतूंना दिले आहे. अजिंठ्यानंतर आलेल्या पिढीच्या गवंड्यांनी आपले मिश्रण सुधारले होते काय, असा प्रश्न त्यातून निघतो.

पाण्याचा प्रश्न मात्र भिंतीपाशी सुटणारा नाही. ते वरून येते. लेण्यांच्या माथ्यावरील पठारावर पडलेला पाऊस झाडांच्या मुळांनी व मातीने धरून ठेवला तर तो सावकाश उतरतो. जमीन उघडी पडली तर तो भेगांतून सरळ खाली येतो किंवा मातीसह कड्यावरून वाहतो. कड्याच्या माथ्यावर पाणी बाजूला वळविणारे चर काढलेले आहेत, आणि १९९२ पासून जपानच्या अर्थसाहाय्याने झालेल्या अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पात परिसरातील वनीकरणाचाही समावेश होता. चर गाळाने भरले, किंवा लावलेली रोपे चराईत गेली, तर त्याचा हिशेब त्या पावसाळ्यात लागत नाही. दोन-तीन वर्षांनी एखाद्या लेण्याच्या छताशी पांढरट क्षारांची रेघ दिसू लागते, तिच्याखालचा गिलावा टिचकी मारली असता पोकळ वाजतो, आणि मग रसायनतज्ज्ञाला पुन्हा बोलवावे लागते.