ओळखीचा प्रश्न

कुलपाची किल्ली धन्याजवळ असावी, चोराजवळ नसावी. संगणकावरील खात्याचा परवलीचा शब्द विसरल्यास जो ओळखीचा प्रश्न विचारतात, त्यासहि हाच नियम लागू आहे. उत्तर धन्यास सहज आठवावें. परक्यास कळूं नये.

ही रीत जुनी आहे. आपल्या पेढींत खातेदाराच्या आईचें माहेरचें आडनांव नोंदून ठेवतात, असें अमेरिकेंतील बाल्टिमोरचे पेढीवाले विल्यम हेडन यांनीं १९०६ सालीं एका भाषणांत सांगितलें. मोठ्या शहरांत तें गुपित राहील; आमच्या दारव्हा-पुसदकडील खेड्यांत मात्र कोणाची आई कोणाची लेक, हें पाणवठ्यावरहि ठाऊक असतें!

उलटपक्षीं, कित्येकदां धन्यासच दार उघडत नाहीं. माझ्या एका वृद्ध आप्तांस निवृत्तिवेतनाच्या खात्यासाठीं जन्मगांव विचारलें गेलें. त्यांनीं 'यवतमाळ' असें रोमन लिपींत लिहिलें. परंतु पूर्वीं त्यांनीं इंग्रजी अमदानींतील जुनीं अक्षरें लिहिलीं होतीं; त्यांत 'वाय'पुढें 'ई' व 'ओ' येतात, आजच्या लेखनांत 'ए' व 'व्ही'. माणूस दोन्ही एकच समजतो. यंत्र अक्षरास अक्षर ताडतें. खरें बोलूनहि ते खोटे ठरले!

अमेरिकेंतहि हीच अडचण. 'गूगल'च्या २०१५ सालच्या अभ्यासांत तेथील शेंकडा ४० इंग्रजीभाषी लोकांस गरजेच्या वेळीं आपलीं उत्तरें आठवलीं नाहींत.

म्हणून, उत्तर ज्या अक्षरांनीं द्याल त्याच अक्षरांनीं वहींत टिपा, व ती वही कुलपांत ठेवा. आणि आजच आजोबांस विचारा: आपल्या गांवाचें नांव रोमन लिपींत तुम्ही कसें लिहितां?