अक्काविषयी लिहिताना

चि. बायो,


अक्काच्या वर्षश्राद्धाला वाचायचा तुझा मजकूर मिळाला. मनापासून लिहिला आहेस. फक्त ‘चंदनासारखी झिजली’ हे वाक्य काढून टाक. सेवा करणाऱ्या बाईबद्दल लिहायला बसलं की आपल्याकडे चंदन आणि समई आपोआप येतात. तुझी थोरली मावशी भरपूर जगली, माणसांत जगली. पाटणकडच्या त्या उपकेंद्रात नर्सबाई असताना जत्रेची रजा तिने कधी सोडली नाही, आणि भोंडल्याच्या फेरात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. हे मजकुरात कुठेच नाही.

तिच्या गप्पिष्टपणावर तू एकच ओळ लिहिलीस, तीही सावरून घेतल्यासारखी. बायो, खरी अक्का तिथेच आहे. सरकारी हिशेबाने डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असतं. ते तीन हजार लोक किती वाड्यांवर विखुरलेले असतात, ते तिथे चालल्याशिवाय कळत नाही. खांद्याला बर्फ घातलेला लशींचा डबा अडकवून ती निघायची. वाडीत शिरली की कुणाच्या तरी सोप्यात टेकायची, चहा घ्यायची, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी अडकली, सगळं विचारायची. बघणाऱ्याला वाटायचं, बाई वेळ घालवते आहे. त्या चहातच तिला कळायचं की पलीकडच्या घरातल्या गरोदर पोरीचे पाय सुजलेत आणि डोकं ठणकतंय. मग ती तशीच उठायची, रक्तदाब मोजायची, आणि तो चढलेला निघाला तर आकडी यायची वाट न बघता त्याच दिवशी गाडी गाठून तिला तालुक्याला पाठवायची. असलं दुखणं बाई स्वतःहून सांगायला येत नाही. जावेशी बोलताना ते बाहेर पडतं, आणि अक्का तेव्हा तिथे बसलेली असायची.

लस टोचली की पोराला ताप येतो, म्हणून सासवा दार लावून घ्यायच्या. अक्का त्यांच्याशी वाद घालायची नाही. ज्या घराने टोचू दिलं त्या घरी दुसऱ्या दिवशी ताप उतरला का बघायला जायची, आणि हे शेजारचं घर बघत असायचं. १९९५ पासून पोलिओच्या मोहिमा सुरू झाल्या, तेव्हा दोन थेंब घ्यायला तिच्याकडे पोरं पळत यायची. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यात अशा हजारो नर्सबायांचं चालणं आहे आणि बोलणंही आहे. हे ठामपणे लिही.

सावित्रीबाई फुल्यांचा उल्लेख राहू दे. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. त्या मुलाचं नाव पांडुरंग बाबाजी गायकवाड. ते नावही घाल. ज्याची शुश्रूषा झाली त्याचं नाव राहिलं, की ती करणारी कशी होती हे जास्त कळतं. अक्कालाही आपल्या प्रत्येक बाळंतिणीचं नाव पाठ होतं.

तू आता नर्सिंगला जाते आहेस. इंजेक्शन द्यायला, सलाईन लावायला तुला तिथे शिकवतील, आणि ते नीट शीक. रुग्णाच्या खाटेशी दोन मिनिटं टेकून त्याच्या घरचं विचारायला मात्र तुझं तुलाच शिकावं लागेल. काम वाढलं की आधी तेच सुटतं. ते सोडू नकोस. आणि जेवणाची वेळ चुकवून कुणाची सेवा करू नकोस. अक्काने डबा कधी चुकवला नाही.

मजकूर पुन्हा लिही, पण त्याआधी रविवारी त्या वाड्यांवर जाऊन ये. तिथल्या बायका अक्काबद्दल जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरव, मध्ये सुधारू नकोस. आणि त्या सगळ्यांना श्राद्धाच्या जेवणाचं आवतण देऊन ये. एसटीच्या भाड्याचं मी बघतो.

तुझा,
मामा